खजाना विहीर आणि पेशीचे अंतरंग

पालीहून बीडकडे येताना निजामशाही अमदानीतली, 16 व्या शतकात बांधलेली खजाना विहीर लागते. काठावर उभ्या राहणाऱ्यास तेथे केवळ एक ऐसपैस, वर्तुळाकार जलाशय दिसतो. परंतु तिचे खरे वैभव भूगर्भातून पाणी आणणाऱ्या आणि पुढे शेतांकडे नेणाऱ्या अरुंद भुयारी मार्गांत आहे. पेशीच्या अंतरंगाचा शोधही दीर्घकाळ असाच काठावर अडून राहिला होता.

1898 मध्ये कामिल्लो गॉल्जी यांना चांदीच्या क्षारांनी रंगविलेल्या मज्जापेशीत एक जाळीदार रचना दिसली. ती खरी की रंगद्रव्याने निर्माण केलेला आभास, हा वाद अर्धशतक निकाली निघाला नाही. 1931 मध्ये रुस्का आणि नोल यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा पाया घातला, आणि पुढे 1952-53 च्या सुमारास पॅलेड व स्योस्ट्रांड यांनी पेशीतील तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतील आवरणाच्या घड्या प्रथम स्पष्ट दाखविल्या. आपल्या इलाख्यातही हे शास्त्र फार उशिरा आले असे नव्हे. 1952 मध्ये मुंबईत परळला स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर; तेथेच सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाची प्रयोगशाळा उभारली, आणि मिरचीतील कॅप्सेसिनचा उंदरांच्या टाळूवर होणारा परिणाम 1960 मध्ये या उभयतांनी त्याच यंत्राने तपासून प्रसिद्ध केला. रोजच्या ताटातील तिखटाची ही कैफियत इतक्या सूक्ष्म पातळीवर मांडली गेली, याचे मला आजही अप्रूप वाटते.

तथापि या यंत्राखाली पाहण्यासाठी राळेत घट्ट बसवून काचेच्या सुरीने कापलेला पेशीचा काप 100 नॅनोमीटरहूनही पातळ असतो, आणि एका कापावरून घडीचा संपूर्ण आकार ठरविणे म्हणजे विहिरीच्या एका दगडावरून तिच्या भुयारांचा नकाशा काढणे होय. 1968 मध्ये डीरोझिए व क्लुग यांनी निरनिराळ्या दिशांच्या छायाचित्रांवरून त्रिमितीय आकृती गणिताने सिद्ध करण्याची रीत दाखविली. तिचाच विस्तार होऊन, नमुना यंत्रात अंशाअंशाने कलता करून, साधारणतः उणे 60 ते अधिक 60 अंशांपर्यंत, दर कलाला एक छायाचित्र घेऊ लागले, आणि 1990 नंतरच्या दशकात मॅनेला, पर्किन्स आदींना आढळले की त्या घड्या बाहेरच्या पोकळीत रुंद तोंडाने उघडत नसून सुमारे 30 नॅनोमीटर व्यासाच्या चिंचोळ्या नळ्यांनी तिला जोडलेल्या आहेत.

रुंद तोंडाच्या घड्यांची जुनी आकृती मात्र अनेक पाठ्यपुस्तकांत अद्याप तशीच छापली जाते. ती बदलावी, अशी पाठ्यपुस्तके सिद्ध करणाऱ्यांस माझी विनंती आहे.