तळ्याचे अस्तर

अस्तर हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आधी तो अंगरख्याला आणि रजईला लागला, मग कालव्याला, आणि आता शेततळ्याला. महाराष्ट्र सरकारच्या कागदोपत्री ‘शेततळ्यांचे प्लास्टिक अस्तरीकरण’ असा भारदस्त शब्दप्रयोग रुळला आहे. मी स्वतः सरकारी कारकून, त्यामुळे अशा शब्दांचे मला वावडे नाही. पण वस्तू शब्दाहून फार जुनी आहे. खड्ड्यात साठवलेले पाणी मुरू नये म्हणून माणसाने जमिनीच्या पोटाला आतून काय काय लावून पाहिले, हा इतिहास मोठा मजेदार आहे. माझे लक्ष तिकडे गेले ते इंदूरच्या पलासियामुळे.

पलासिया म्हटले की मला उगाचच पळस आठवतो. प्रत्यक्षात हा आग्रा-मुंबई रस्त्यावरचा गजबजलेला भाग. तिथल्या एका जुन्या घरात माझी मावशी राहते. घरामागे तिच्या सासऱ्यांनी बांधलेला विटा-सिमेंटचा हौद आहे: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दोन फूट खोल. त्यात कमळे होती, उन्हाळ्यात पाखरे पाण्याला यायची. काही वर्षांपासून हौदाला तडे गेले आणि रात्री भरलेले पाणी दोन दिवसांत निम्मे होऊ लागले. गवंड्याने सगळे फोडून नव्याने बांधायचा जो आकडा सांगितला, तो मावशीच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. शेजारी म्हणाले, बुजवून टाका. मावशी म्हणाली, “बुजवायला मी जिवंत आहे तोवर कोणी हात लावायचा नाही.” मग फोन मला. आमच्या घराण्यात बी. ए. झालेल्या माणसाला सगळे कळते असा समज आहे.

इंदूरात पाणी गळणे ही साधी गोष्ट नाही. हे शहर १९७८ पासून नर्मदेचे पाणी पिते. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे सत्तर किलोमीटर आणून, विंध्याचा चढ चढवून माळव्याच्या पठारावर घ्यावे लागते. मावशीचा हौद म्हणजे दहा गुणिले सहा गुणिले दोन, १२० घनफूट, सुमारे ३,४०० लिटर. त्यातले निम्मे दर दोन दिवसांनी जमिनीत, आणि तेही घराच्या पायाशेजारी.

गोव्याच्या माणसाला हा प्रश्न आधी कळतच नाही. आमचा जांभा दगड सच्छिद्र, पाणी शोषणारा. तरी देवळांच्या तळ्या भरलेल्या असतात, कारण बहुतेक ठिकाणी पाणी खालच्या झऱ्यातूनच येते. आपण फक्त चिरे रचून त्याला पायऱ्या केल्या. वरून आणलेले पाणी धरून ठेवायचे असेल तिथे मात्र आम्हीही अस्तर करतो, फक्त त्याला तसे म्हणत नाही. भाताची रोपणी करण्याआधी शेतात चिखल करतात ना, ती चिखलणी. पाण्यातली माती तुडवून, मळून तिची मूळची घडण मोडली की बारीक कण खाली बसतात आणि तिथे पाणी सहजासहजी झिरपू न देणारा थर तयार होतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने ब्रिजवॉटर कालव्यासाठी (तो १७६१ मध्ये सुरू झाला) मळलेल्या चिकणमातीचा थर वापरला आणि त्याचे मोठे नाव झाले. आपल्याकडच्या बायाबापड्या पिढ्यान्‌पिढ्या आषाढात कंबरेत वाकून तेच करत होत्या, पण त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. असो.

मग माळव्यात तर काळी माती फुकट आहे, तीच का नको? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणांत पाणी अडवणारा गाभा काळ्या मातीचाच असतो, बाहेरचे कवच मुरमाचे. इंदूरशेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून तेव्हाचे जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात हजारो तळी खणली. तिथली काळी माती हेच त्या तळ्यांचे अस्तर. शेतात हे उत्तम. पण ही माती ओली असली की फुगते आणि सुकली की आक्रसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तळे एकदा आटले की अस्तर फाटले. शेतातल्या तळ्याचे पुढच्या पावसाळ्यात भागते, पण परसातला हौद नळावर चालतो आणि त्याच्या झिरप्याने फुगलेली माती घराची भिंतही उचलू शकते. मावशीच्या हौदाला तडे गेले तेही माझ्या मते याच मातीच्या हालचालीने. खाली मुरूम न घालता काळ्या मातीवर थेट बांधकाम केले की कधीतरी हे होणारच. म्हणून फोडून तसाच नवा हौद बांधणे मला पटेना.

होळकरांच्या काळात गवंड्याने चुना आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, वापरली असती. सुरखीमुळे चुना पाण्यातही घट्ट होतो, आणि सिमेंटइतका ताठ नसल्याने थोडी हालचाल सोसतो. अहिल्याबाईंनी (१७२५–१७९५) देशभर घाट, कुंडे, विहिरी बांधल्या, त्या सिमेंट जन्मण्याआधी. पण आज चुना मळणारी घाणी आणि तो हात असलेला गवंडी शोधायचा म्हणजे स्वस्ताईची गोष्टच संपली.

लोखंड घातलेल्या सिमेंटचा उगम मात्र परसबागेतलाच आहे, हे वाचून मला फार बरे वाटले. जोसेफ मोनिए हा फ्रान्समधला माळी. झाडांच्या कुंड्या फुटतात म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. आजचे पूल आणि मनोरे त्या कुंड्यांचे वंशज. त्याच्याही आधी, १८४८ मध्ये, लाँबो नावाच्या फ्रेंच गृहस्थाने याच रीतीने होडी केली होती. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दोन-तीन पदरी ठोकून वर इंचभर गिलावा, हे फेरोसिमेंट अजूनही स्वस्त आणि टिकाऊ आहे. मात्र कारागीर चांगला हवा आणि गिलावा निदान आठवडाभर ओला ठेवायला हवा. शिवाय नवे सिमेंट पाण्यात क्षार सोडते. तीन-चार वेळा भरून ओतल्याशिवाय मासे जगत नाहीत.

उरले प्लास्टिक. १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत भलताच प्रयोग चालू असताना पांढरा मेणचट पदार्थ हाती लागला, तो पॉलिथिन. महायुद्धात तो रडारच्या तारांवर चढला. पुढे तो शेतात आला आणि आता शेततळ्यांत ५०० मायक्रॉनचा जाड कागद म्हणून पसरतो. मावसभावाने बाजारातली निळी ताडपत्री सुचवली होती. ती पावसाला ठीक, पण माळव्याच्या उन्हात तिचे सूत सुटते. काळा कागद टिकतो, कारण त्यातली काजळी उन्हाचा मारा स्वतःवर घेते.

मोजमाप सोपे आहे. लांबीत दोनदा खोली आणि काठासाठी दोन फूट मिळवा: दहा, चार, दोन मिळून सोळा. रुंदीचे तसेच बारा. सोळा बाय बारा, एकच अखंड तुकडा, सांधा नको. तडे मातीने लिंपले, बोचऱ्या कडा घासल्या, तळाला चाळलेली वाळू आणि भिंतींना जुनी पोती. त्यावर कागद सैल सोडून पाणी भरत भरत बसवला, कोपऱ्यात कापण्याऐवजी घड्या घातल्या आणि काठावर विटांचा एक थर रचून तो दाबला. विटांमुळे घुशींनाही कागदाची कड सापडत नाही. सगळा खर्च गवंड्याच्या आकड्याच्या चौथाईतही बसला. हा कागद चुन्यासारखा पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नाही, हे मी मावशीला आधीच सांगितले. “मला तरी कुठं शंभर वर्षं काढायचीत,” असे तिचे उत्तर.

डासांचे काय, असे शेजाऱ्यांनी विचारलेच. पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरवर मोठा अहवाल दिला होता. हिवतापाच्या भीतीने गावोगावची तळी बुजवण्याचा तो काळ. हिंदुस्थानातल्या शहरांवरच्या आपल्या लेखनात या माणसाचा आग्रह उलटा होता: तळी साफ करा, मासे आणि बदके सोडा, डासांच्या अळ्या ती खातील. बदके पलासियात जमणार नाहीत, पण गप्पी मासे जमतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून हौद भरल्यावर दोन-तीन दिवस उन्हात तसाच ठेवायचा आणि मग मासे सोडायचे.