गौरवर्णाची घडण

भरताच्या नाट्यशास्त्रात नटाच्या अंगाला लावावयाच्या रंगांचा जो विचार आहे, तो एखाद्या दक्ष कोठावळ्याने शिधा मापून द्यावा तसा काटेकोर आहे. पांढरा व पिवळा मिळून पांडुवर्ण, पांढरा व तांबडा मिळून पद्मवर्ण, तांबडा व पिवळा मिळून गौर, अशी मिश्रणे सांगून झाल्यावर निळ्याविषयी ग्रंथकार ताकीद देतो की, हा रंग सर्वांत बलवान असल्याने त्याचा एक भाग घेतला तर इतरांचे चार घ्यावेत. व्यक्तिचित्राच्या गालावर ज्याच्या हातून निळ्याचा एक ठिपका अधिक पडला असेल आणि प्रसन्न चेहरा ज्याने क्षणात काळवंडताना पाहिला असेल, त्याला ही ताकीद अनुभवाच्या पोटातून आली आहे हे तत्काळ उमगेल. मला मात्र अधिक विलक्षण वाटते ते हे की, या गौरवर्णात पांढऱ्याचा अंशही नाही.

इटलीतील चितारी निराळ्या वाटेने गेले. इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी याने आपल्या धंद्याची जी पोथी लिहिली, तीत मुखावर प्रथम हिरव्या मातीचे दोन हात देऊन, त्यावर तांबडा व पांढरा यांच्या तीन चढत्या छटा वेगवेगळ्या वाट्यांत कालवून लावाव्यात, असा विधी सांगितला आहे. रंग कालवायला अंड्याचा बलक घ्यावयाचा. पण तरुण मुखासाठी शहरातल्या कोंबडीचा, कारण तो फिका असतो, आणि वृद्धाच्या किंवा सावळ्या माणसाच्या मुखासाठी खेड्यातल्या कोंबडीचा, कारण त्यात लाली अधिक, इतक्या बारकाईने तो मनुष्य आपल्या कामाकडे पाहात होता! त्या काळच्या सिएना नगरीतील पाटांवर वरचा गुलाबी थर शतकानुशतके झिजल्यामुळे आज मातामेरीच्या गालांतून ती हिरवी माती डोकावते, आणि जिवंत त्वचेखालची छाया चितारी कोठून आणीत होते याचा उलगडा आपोआप होतो.

ही उत्तम हिरवी माती व्हेरोनाजवळच्या माँते बाल्दो डोंगरातील काळ्या अग्निजन्य पाषाणातून निघे. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांतही त्याच जातीचे हिरवे खनिज सापडते, आणि अजिंठ्याच्या चित्रकारांनी गेरू, पिवळी माती व काजळी यांच्या जोडीला हिरवी मातीही वापरली. तेथील एकाच भिंतीवर गोरी, गव्हाळ, तांबूस आणि गडद सावळी माणसे खांद्याला खांदा लावून बसलेली दिसतात, व त्यांतली कोणतीही कांती दुसरीचा केवळ फिका किंवा गडद नमुना वाटत नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या ग्रिफिथ्स साहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून या चित्रांच्या नकला करविल्या. त्या मंडळींत अग्रेसर असलेले पेस्तनजी बोमनजी पुढे प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराकडे तैलरंगातील व्यक्तिचित्रण शिकले आणि पारशी घरांतील माणसे रंगवू लागले.

विलायती शिरस्ता गुलाबी कातडीसाठी ठरलेला : सफेता, हिंगूळ आणि पिवळी माती. सावळ्या चेहऱ्यावर तो जसाच्या तसा उतरवला की राख फासल्यासारखी छटा येते. उजेडासाठी सफेता वाढवावा तर कांती मरते, छायेसाठी काजळी मिसळावी तर ती मळते. म्हणून उजेडाकडे पिवळ्या मातीची व बर्न्ट सिएनाची ऊब ठेवावी, छायेत हिरव्या-निळ्याची थंडाई आणावी, आणि कपाळाच्या व गालफडाच्या उंचवट्यावर, जेथे खिडकीतले आकाश उतरते, तेथे निळसर पांढऱ्याचा एकच स्पर्श द्यावा. ही समज माणसे समोर बसवून, रंग खरवडून व पुन्हा लावूनच अंगी येते.

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांनी १९४५-४६ च्या सुमारास आपल्या कन्येला समोर उभे करून हाती समई घेतलेली स्त्री जलरंगात रंगवली. ते चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. जलरंगात उजेड दाखवावयाचा तर कागदाचाच पांढरेपणा राखावा लागतो, वर सफेता चोपडून भागत नाही. ज्योतीपुढे तिने आडोशाला धरलेला हात पाहावा. बोटांच्या फटींतून पाझरणारा प्रकाश कडांशी रक्तासारखा तांबडा होतो, तळव्याकडे पिवळा होत जातो, आणि त्या दोहोंच्या मधल्या बोटभर जागेत भरताचा गौरवर्ण उजळलेला दिसतो.