वायरिंग, घरगुती

वायरिंग, घरगुती : वीजमीटरपासून घरातील दिवे, पंखे आणि प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या तारा, त्यांचे आवरण, खटके, संरक्षक साधने व अर्थिंग यांची एकत्रित मांडणी. भारतात घरगुती पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ असतो. मीटरपर्यंतच्या तारा वीजपुरवठा करणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत महावितरणच्या आणि मुंबई शहरात बेस्टच्या. मीटरच्या पुढचे सगळे घरमालकाचे. पुढच्या भागाला नियम आहेत, मानके आहेत, परवाने आहेत. पण घरात राहायला गेल्यावर ते पाळले जातात की नाही हे पाहायला सहसा कोणी येत नाही. या नोंदीतील बराच भाग त्या तफावतीविषयी आहे.

वीजपुरवठ्याविषयीचा पहिला भारतीय कायदा १८८७ चा. १९१० च्या भारतीय विद्युत् अधिनियमाने पुढे जवळजवळ शतकभर काम केले आणि त्याखालचे १९५६ चे नियम हे कंत्राटदार व वायरमन यांच्या दोन पिढ्यांचे प्रमाण होते. २००३ च्या विद्युत् अधिनियमाने सुरक्षिततेचे नियम करण्याचे काम केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाकडे दिले. प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक विनियम काढले आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. काय असले पाहिजे हे विनियम सांगतात. ते कसे करावे हे भारतीय मानक ७३२ (वायरिंग), ३०४३ (अर्थिंग) आणि राष्ट्रीय विद्युत् संहिता यांत असते. मानक ७३२ ची २०१९ ची आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानकांच्या बरीच जवळ गेलेली आहे. २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने घरगुती वायर, एमसीबी (जास्त प्रवाहात आपोआप पडणारा खटका) वगैरे वस्तूंवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. बाजारात बिनचिन्हाची वायर तरीही मिळते, आणि स्वस्त मिळते.

तारा बसवण्याच्या पद्धती बदलल्या त्या नियमांपेक्षा भिंती व साहित्य बदलल्यामुळे. सुरुवातीच्या घरांत रबरी वेष्टनाच्या तारा चिनी मातीच्या क्लीटांवर ताणत किंवा लाकडी केसिंगच्या खाचांत घालून वरून कॅपिंग ठोकत. त्यानंतर सागवानी पट्टीवर पत्र्याच्या लिंक-क्लिपांनी बांधलेली वायर आली. ही पट्टी फिटिंग जुने वाडे, चाळी आणि शाळांत अजून दिसते. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीत खाच पाडून पाइप पुरणे अवघड, म्हणून अशा घरांत ती टिकली, आणि तिचा एक गुण मान्य करायला हवा : तार कुठून कुठे गेली हे डोळ्यांना दिसते. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत स्लॅब भरण्यापूर्वीच पीव्हीसी पाइप टाकतात आणि गिलाव्याआधी भिंतींतून खाचा काढतात. कन्सील्ड फिटिंग देखणे असते, पण त्यातला दोष दिसत नाही. पुढे एसी किंवा गिझर बसवताना त्याच पाइपातून आणखी दोन तारा ओढल्या की सगळ्यांची उष्णता कोंडते आणि प्रत्येक तारेची वहनक्षमता घटते. भिंतीत खिळा ठोकताना पाइप कुठे आहे हे आठवणारे कोणी नसते. बांधकामाच्या वेळी काढलेला नकाशा किंवा निदान फोटो घरात जपून ठेवलेला फार थोड्या ठिकाणी आढळतो.

तारेची जाडी पूर्वी गेजात सांगत. तीन-बावीस म्हणजे २२ गेजच्या तीन तारांचा पीळ, सात-वीस म्हणजे २० गेजच्या सात तारांचा. जुने वायरमन अजून याच भाषेत बोलतात. आता मोजमाप चौरस मिलिमीटरमध्ये होते : दिवे-पंख्यांना साधारणतः दीड, १६ अँपिअरच्या प्लगला अडीच, एसी व गिझरला चार. तांब्याच्या टंचाईच्या दशकांत देशात ॲल्युमिनियमच्या तारा मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन बसतो आणि स्क्रूखाली दाबलेला धातू हळूहळू सरकून जोड सैल होतो. सैल जोड तापतो. त्या काळातल्या इमारतीत काळवंडलेला बोर्ड आढळला, तर पहिला संशय इथे घ्यावा. तांब्याची नवी तार जुन्या ॲल्युमिनियमला नुसती पिळून जोडणे तर अधिकच वाईट.

दिवे, पंखे आणि लहान प्लग यांच्या एका सर्किटवर १० पेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि भार ८०० वॉटच्या आत असावा, ही मर्यादा मानकात दीर्घकाळ आहे. ती बल्ब, पंखा आणि रेडिओच्या घरासाठी पुरेशी होती. आज एकटी इंडक्शन शेगडी २,००० वॉट घेते, म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर. ती ६ अँपिअरच्या प्लगवर मल्टिप्लगने लावणे हा स्वयंपाकघरांत सर्रास दिसणारा नियमभंग आहे.

संरक्षणाच्या साधनांचा इतिहास मात्र तपशिलात पाहण्याजोगा आहे. चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये योग्य जाडीची तार असेल, तर ती जास्त प्रवाहाने वितळते. पण ती वितळायला ठरलेल्या प्रवाहाच्या बरेच वर जावे लागते, आणि फ्यूज वारंवार उडू लागला की घरातले कोणीतरी वायरीच्या पिळातली चार पदरी तांब्याची तार त्यात बांधते. असा फ्यूज मग कधीच उडत नाही. एमसीबीमुळे ही पळवाट बंद झाली. तरी एमसीबी तारेचे रक्षण करतो, माणसाचे नाही. ओल्या हाताने जिवंत तार धरलेल्या माणसाच्या शरीरातून १०० मिलिअँपिअर प्रवाह गेला तर जीव जाऊ शकतो; १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

हे काम आरसीसीबीचे. फेज आणि न्यूट्रल एकाच लोहकड्यातून जातात. जाणारा आणि परतणारा प्रवाह सारखा असेपर्यंत कडे शांत असते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या काही भागात पुरवठा तुटतो. १९५६ च्या नियमांत नंतर घातलेल्या तरतुदीने आणि २०१० च्या विनियमांनी असे साधन ५ किलोवॉट व त्यावरील भारांना आवश्यक केले. पुढच्या दुरुस्तीने ही रेषा २ किलोवॉटवर आली. २०२३ च्या विनियमांत ती तशीच असून घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा नमूद आहे. सुधारणा मोठी आहे, पण सूट चुकीच्या घरांना मिळाली आहे. २ किलोवॉटच्या खाली राहतात ती एक-दोन खोल्यांची, पत्र्याच्या भिंतींची, पावसाळ्यात ओल धरणारी घरे. आवरण फाटलेली तार पत्र्याला टेकण्याची भीती तिथेच सर्वांत जास्त.

महाराष्ट्रात आरसीसीबीचा सर्वांत मोठा शत्रू इन्व्हर्टर ठरला. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले आणि ते जुन्या सर्किटांत घुसवताना इन्व्हर्टरचा न्यूट्रल व घराचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढे-मागे कुठेही एकत्र जोडले गेले. अशा वेळी फेजमधून गेलेला काही प्रवाह दुसऱ्या वाटेने परततो, साधनाला ती गळती वाटते आणि आरसीसीबी सारखा पडतो. त्यावरचा खरा उपाय इन्व्हर्टरच्या सर्किटाचा न्यूट्रल वेगळा काढणे हा. प्रत्यक्षात आरसीसीबी बायपास केला जातो. बोर्डात तो बसलेला दिसतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात.

अर्थिंगशिवाय वरचे काहीही पुरेसे नाही. मानकाप्रमाणे किमान ३८ मिमी आतल्या व्यासाची, २.५ मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी जमिनीत उभी पुरतात. तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर देण्याची जुनी रीत आहे. ओली माती वीज सहज वाहून नेते. कोकणातला जांभा किंवा पठारावरचा कातळ उन्हाळ्यात जवळजवळ नकार देतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालायची व्यवस्था ठेवावी लागते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपला अर्थ जोडत. पाणीपुरवठा प्लास्टिकच्या पाइपांतून होऊ लागल्यावर ते अर्थिंग नावापुरते उरले, आणि तीन पिनांच्या प्लगमधले वरचे भोक अनेक घरांत कशालाही जोडलेले नसते.

रंगांविषयी एक धोका ध्यानात ठेवण्याजोगा आहे. भारतात तीन फेजना लाल, पिवळा, निळा, न्यूट्रलला काळा आणि अर्थला हिरवा रंग रूढ आहे. उपकरणांच्या लवचिक दोऱ्यांत मात्र फेज तपकिरी, न्यूट्रल निळा व अर्थ हिरवा-पिवळा असतो. म्हणजे निळी तार भिंतीत जिवंत असू शकते आणि इस्त्रीच्या दोरीत न्यूट्रल. स्विच नेहमी फेजवर असावा आणि न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा स्विच कधीही नसावा. ही चूक झाली तर दिवा विझलेला दिसतो आणि होल्डर जिवंत राहतो.

वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराने, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक वायरमनकडून करून घ्यायचे असते. नव्या जोडणीसाठी कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्यात ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशनचा रोध, अर्थचा रोध आणि स्विचचे फेज तपासलेले असणे अपेक्षित आहे. पुष्कळदा मेगर पेटीतून बाहेर न निघताच सही होते. १५ मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी विद्युत् निरीक्षकाची तपासणी लागते. २०२३ च्या विनियमांत वीजवाहनांच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, कारण सोसायटीच्या वाहनतळात रात्रभर कित्येक किलोवॉट ओढणारे सॉकेट ही जुन्या मेनबोर्डांनी कधी न पाहिलेली गोष्ट आहे.

जोडलेल्या प्रत्येक प्रतिष्ठापनेची जास्तीत जास्त पाच वर्षांनी फेरतपासणी व्हावी, ही तरतूद १९५६ च्या नियमांत होती आणि २०१० च्या विनियमांतही होती. घरगुती ग्राहकांच्या बाबतीत ती बहुतांशी कागदावरच राहिली. म्हणून मीटरपुढच्या तारांची जबाबदारी ज्याची, त्याने निदान एवढे करावे : आरसीसीबीवरचे ‘टी’ अक्षराचे बटण तीन-चार महिन्यांतून एकदा दाबून पाहावे, आणि तो पडला नाही तर परवानाधारक वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.