दाराबाहेरच्यांच्या शाळा

इंग्लंडच्या उत्तरेतल्या यॉर्कमध्ये ६२७ साली ईस्टरच्या दिवशी राजा एडविनचा बाप्तिस्मा झाला. त्यासाठी लाकडाचे एक लहानसे चर्च घाईने उभारले होते. आजचे प्रचंड यॉर्क मिन्स्टर त्याचाच वारसा सांगते, आणि शहरातले सेंट पीटर्स स्कूलही आपला जन्म त्याच वर्षातला मानते. चौदाशे वर्षांची ही वंशावळ सलग सिद्ध करणे अवघडच. आठव्या शतकात मात्र मिन्स्टरच्या आश्रयाला एक नामवंत शाळा होती, हे निश्चित. अल्क्विन तिथेच शिकला आणि पुढे तिचा प्रमुखही झाला. तिथल्या ग्रंथसंग्रहात कोणकोणते लेखक होते, ते त्याने एका दीर्घ लॅटिन काव्यात नोंदवून ठेवले आहे. ७८१ साली इटलीत फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्याशी त्याची गाठ पडली आणि यॉर्कची विद्या त्याच्या दरबारात पोचली.

या शाळेत मुलींना जागा नव्हती. सोळाव्या शतकात राज्याचा धर्म कॅथलिकाचा प्रोटेस्टंट झाला, तसे दार आणखी अरुंद झाले.

१५५७ मध्ये कॅथलिक राणी मेरी आणि तिचा पती फिलिप यांच्या सनदेने शाळेची नव्याने घडी बसली. पण पुढच्याच वर्षी एलिझाबेथ गादीवर आली आणि राज्य पुन्हा प्रोटेस्टंट झाले. जॉन फ्लेचर या मुख्याध्यापकांनी कॅथलिक निष्ठेपायी अनेक वर्षे तुरुंगवास भोगला. मिन्स्टरला लागूनच असलेल्या चर्चमध्ये १५७० साली बाप्तिस्मा झालेला गाय फॉक्स याच शाळेचा विद्यार्थी. जॉन आणि ख्रिस्तोफर हे राइट बंधूही इथलेच. १६०५ मध्ये पार्लमेंट सुरुंगाने उडवण्याच्या कटात हे तिघेही होते. राइट बंधू पाठलागात मारले गेले, फॉक्सला फाशीची शिक्षा झाली. दर ५ नोव्हेंबरला इंग्लंडभर फॉक्सचा पुतळा जाळतात. सेंट पीटर्समध्ये तो जाळत नाहीत.

या राइट बंधूंची बहीण उर्सुला. तिची मुलगी मेरी वॉर्ड. मामांनी दारूगोळा जमवला, भाचीने मुलींसाठी शाळा काढल्या. या कुळकथेतला सर्वांत मोठा मान तिचाच आहे. १६०९ मध्ये काही मैत्रिणींसह ती समुद्रापलीकडे सेंट ओमेरला गेली आणि तिथे तिने मुलींना शिकवायला सुरुवात केली. जोगिणींनी मठाच्या भिंतीआड न राहता समाजात काम करावे, हा तिचा आग्रह रोमला मानवला नाही. १६३१ मध्ये पोपने तिची संस्था बरखास्त केली. खुद्द मेरीला कैदेत टाकले. तरीही शिष्या पांगल्या नाहीत. १६४५ साली यॉर्कजवळच्या हेवर्थ गावी तिचा मृत्यू झाला.

इंग्लंडमध्ये कॅथलिकांनी शाळा चालवणे हा गुन्हा होता. पण आपल्या मुलींचे शिक्षण व्हायलाच हवे, या तळमळीने सर टॉमस गॅस्कॉइन यांनी ४५० पौंड दिले आणि मेरीच्या परंपरेतल्या फ्रान्सिस बेडिंगफील्ड यांनी १६८६ मध्ये मिकलगेट बार या वेशीच्या अगदी बाहेर एक घर घेतले. जोगिणी साध्या करड्या पोशाखात वावरत. बाहेरच्यांना तो मुलींचा एक खासगी वर्गच वाटे. पुढे १६९९ मध्ये गरीब मुलींसाठी मोफत शाळाही निघाली. १७६९ साली या घरात बांधून झालेले प्रार्थनाघर तर थक्क करते. त्याचा घुमट उतरत्या छपराखाली असा दडवला आहे की रस्त्यावरून दिसतच नाही. छापा पडलाच तर निसटता यावे म्हणून आत अनेक दारे ठेवली आहेत.

शहरात इतरही दारे उघडत होती. १७०५ मध्ये गरीब मुलांसाठी ब्लू कोट आणि मुलींसाठी ग्रे कोट या धर्मादाय शाळा सुरू झाल्या. क्वेकर पंथीयांना त्यांच्या श्रद्धेमुळे ऑक्सफर्डची पदवी मिळत नसे. त्यांच्यातल्या एस्थर ट्यूक यांनी १७८५ मध्ये मुलींची शाळा काढली आणि १८२३ मध्ये मुलांची शाळा निघाली. तीच पुढे बूथम म्हणून प्रसिद्ध झाली. चॉकलेटच्या धंद्यातले जोसेफ राउंट्री आणि १९५९ चे शांततेचे नोबेल मिळवणारे फिलिप नोएल-बेकर हे तिचे विद्यार्थी.

वेशीबाहेरच्या त्या घरात १८०३ साली डब्लिनहून फ्रान्सिस बॉल नावाची नऊ वर्षांची मुलगी शिकायला आली. पुढे तिथेच दीक्षा घेऊन ती मदर टेरेसा बॉल झाली आणि मायदेशी परतून तिने लोरेटो जोगिणींची शाखा उभी केली. त्यांची पहिली तुकडी १८४१ च्या अखेरीस कोलकात्यात उतरली. १९२८ मध्ये अॅग्नेस बोयाजिऊ ही अल्बेनियन तरुणी याच लोरेटोत दाखल झाली. कोलकात्याच्या एंटाली भागातल्या शाळेत तिने अनेक वर्षे शिकवले. जग तिला मदर तेरेसा म्हणून ओळखते.

यॉर्कला जाणाऱ्याने मिन्स्टर पाहून परत फिरू नये. मिकलगेट बारपर्यंत चालत जावे. वेशीबाहेरच्या त्या घराचे, म्हणजे बार कॉन्व्हेंटचे, संग्रहालय आणि छपराआड दडलेला तो घुमट आता सर्वांना पाहता येतो.