अकागेराची सीमा

राष्ट्रीय उद्यान म्हटले म्हणजे मनुष्याच्या कलहापासून अलिप्त राहिलेला सृष्टीचा एक कोपरा, अशी आपली समजूत असते. रवांडा देशाच्या पूर्व सरहद्दीवरील अकागेरा उद्यान पाहावयास जाणाऱ्यास ती टाकून द्यावी लागते.

स्थळ मोठे रमणीय आहे. पश्चिमेस गवताने झाकलेले डोंगर, उत्तरेस सपाट मैदाने, मधून मधून बाभळींची राने, आणि पूर्वेस अकागेरा नदीच्या काठाने पसरलेली सरोवरे व उंच लव्हाळ्यांच्या दलदली. सरोवरांत इहेमा सर्वांत मोठे. तेथे पाणघोडे व मगरी सुखाने नांदतात. परंतु या शोभेची सीमा निसर्गाने आखलेली नाही.

१९३४ साली बेल्जियमच्या वसाहती सरकारने उद्यान स्थापिले, तेव्हा त्याचा विस्तार सुमारे २,५०० चौरस किलोमीटर होता. आज तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. १९५९ पासूनच्या वांशिक दंगलींत असंख्य तुत्सी कुटुंबे परागंदा झाली. १९९४ चा भीषण नरसंहार संपल्यावर ती गुराढोरांसह स्वदेशी परतली. पण एवढ्याशा दाट वस्तीच्या देशात त्यांस जमीन कोठून द्यावी? अखेर १९९७ साली उद्यानाचा अर्ध्याहून अधिक भाग वस्तीस व चराईस मोकळा करण्यात आला. सिंह गुरे मारीत, म्हणून गुराख्यांनी विष घालून सिंहांचा निःपात केला. गेंडेही पुढे नाहीसे झाले.

येथे दोष कोणास द्यावा? ज्याचे घरदार गेले, त्यास सिंहाची कीव करावयास सांगणे हा सुखवस्तूंचा उपदेश होय. उलट, सर्वच रान दिले असते तर पुढील पिढ्यांस काहीच उरले नसते. अर्धे देऊन अर्धे राखले, हाच त्यातल्या त्यात शहाणपणा ठरला.

राखलेल्या भागाची निगा २०१० पासून नेटाने होऊ लागली. २०१३ साली पश्चिम सीमेवर १२० किलोमीटरचे कुंपण उभे राहिले. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह आणि २०१७ साली काळे गेंडे आणिले गेले. त्याच वर्षापासून देशातील उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नाचा दहावा हिस्सा भोवतालच्या गावांस मिळू लागला. कुंपणाहून हीच तजवीज आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते; कारण शेजारच्या गुराख्याचे हित ज्यात नाही, ते रान तारेने फार काळ राखता येत नाही.