कसबा पेठेत भाड्याचं घर : चावीआधी कागद

मुठेकाठची कसबा पेठ ही पुण्याची सर्वात जुनी पेठ. थोरला आणि धाकटा शेख सल्ला हे दोन्ही दर्गे याच भागातले, कागदीपुऱ्याचं नावही कागद बनवणाऱ्यांवरून पडलेलं. बाजार, मशीद, दवाखाना सगळं पायी अंतरावर, म्हणून आपल्या अनेक कुटुंबांना इथं घर हवं असतं. पण नाव ऐकताच "घर गेलं" म्हणणारे मालकही भेटतात. त्यामुळे एखादं घर मिळालं की घाईत डिपॉझिट दिलं जातं आणि करार राहून जातो. आमचं सांगणं एवढंच, की घाई असली तरी कागद सोडू नका.

घर बघताना

12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आजही खडकवासल्यातून जास्त पाणी सोडलं की नदीकाठच्या लोकांना सावध केलं जातं. तळमजल्याचं घर असेल तर पाणी कुठवर येतं, हे शेजाऱ्यांना विचारा. विजेचं मीटर किती उंचावर आहे तेही बघा.

जुना वाडा असेल तर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली आहे का, याची खात्री करा. शनिवारवाडा संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. त्यामुळे या पट्ट्यात "लवकरच नवीन बिल्डिंग होणार" या तोंडी शब्दावर पैसे देऊ नका.

करार करताना

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. ही जबाबदारी मालकाची आहे. 11 महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के. महिना 12,000 भाडं, 50,000 डिपॉझिट आणि 11 महिने मुदत धरली तर ते साधारण चारशे रुपये होतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. नोंदणी आधार कार्ड आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही होते. एजंटचे पैसे वेगळे, ते आधीच ठरवा.

डिपॉझिट बँकेतून द्या आणि तो आकडा करारात लिहून घ्या. रंगकाम कोण करणार, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हेही लिहा. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम 24 प्रमाणे दुप्पट भाडं भरावं लागू शकतं, म्हणून नूतनीकरणाचं महिनाभर आधीच बोला.

हेवी डिपॉझिट

काही ठिकाणी मोठी रक्कम घेऊन भाडं माफ करतात. ही रक्कम म्हणजे प्रत्यक्षात कर्ज, आणि फुकट राहणं हा त्यावरचा फायदा, म्हणून अनेक उलमा याला सूद मानतात. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारूनच ठरवा. शिवाय मालक कर्जात बुडाला तर आयुष्यभराची बचत अडकते.

कागद मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास नव्हे. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचाच हुकूम आहे. मालक आपल्याच बिरादरीचा असला तरी नोंदणी केलेल्या कराराची प्रत हातात घ्या, मगच सामान हलवा.