टिमथी हिवाळ्यात कुठे राहायचा?

मागच्या आठवड्यात आमच्या लॅबमधल्या एका एम.एस्सी.च्या मुलाने विचारलं, "ताई, सॅम्पल एकच असेल तर त्याला संशोधन म्हणायचं का?" मी घाईत होते. "म्हणायचं, पण जपून," एवढंच बोलून निघून गेले. आजचा लेख म्हणजे त्या 'जपून'चा खुलासा आहे. उदाहरण एका पाळीव कासवाचं घेतलंय. उबदार प्रदेशातलं कासव थंड देशात उघड्यावर कसं जगलं, आणि त्यावरून आपण किती बोलू शकतो, हा आजचा प्रश्न.

1780 च्या मार्च महिन्यात गिल्बर्ट व्हाइट हा इंग्लंडमधला पाद्री ससेक्स परगण्यातल्या रिंगमर गावी गेला. त्याची आत्या नुकतीच वारली होती आणि तिने कित्येक वर्षं सांभाळलेलं एक कासव आता त्याच्या वाट्याला आलं होतं. कासव अजून जमिनीखाली होतं. व्हाइटने ते उकरून काढलं, तेव्हा ते रागाने फुसफुसलं. मग मातीने भरलेल्या पेटीत घालून घोडागाडीने त्याने ते 80 मैलांवरच्या आपल्या सेलबोर्न गावी आणलं. गाडीच्या धक्क्यांनी ते पुरतं जागं झालं होतं. वाफ्यात सोडल्यावर दोनदा बागेच्या टोकापर्यंत चालत गेलं. संध्याकाळी गारठा पडला तसं भुसभुशीत मातीत स्वतःला गाडून घेऊन पुन्हा गडप झालं. या कासवाचं नाव टिमथी.

व्हाइट हा काही राजधानीतला मोठा शास्त्रज्ञ नव्हता. गावात राहायचं, रोज डोळ्यांसमोर दिसेल ते वहीत लिहायचं आणि मित्रांना पत्रं पाठवायची, ही त्याची पद्धत. त्या पत्रांचं 'द नॅचरल हिस्ट्री ऑफ सेलबोर्न' हे पुस्तक 1789 साली आलं. टिमथीचं राहतं घर कळतं ते या पत्रांमधून.

कासवाने स्वतः निवडलेलं घर

टिमथी भूमध्य समुद्राच्या आसपासच्या प्रदेशात आढळणाऱ्या जातीतला. तिथला हिवाळा तुलनेने सौम्य आणि उन्हाळा कडक. इंग्लंडची हवा बरोब्बर उलटी, ढगाळ आणि ओलसर. तरीही आत्याच्या घरी तो कुंपणभिंतीच्या आतल्या छोट्या अंगणातच राहायचा, बाराही महिने.

1770 च्या पत्रात व्हाइट लिहितो की हे कासव नोव्हेंबरच्या मध्याला जमिनीत जातं आणि एप्रिलच्या मध्याला वर येतं. म्हणजे वर्षातले पाच महिने मातीखाली. त्याच पत्रात अजून एक नोंद आहे, जी घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटेल: भर उन्हाळ्यात हे कासव अधाशासारखं खातं, पण शरद ऋतूच्या शेवटच्या सहा आठवड्यांत जवळपास काहीच खात नाही. याचं कारण आज आपल्याला माहीत आहे. कासवाचं शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालतं. थंडीत पचन थांबतं आणि आतड्यात उरलेलं अन्न कुजायला लागतं. म्हणून झोपण्याआधी पोट रिकामं असावं लागतं. व्हाइटला कारण माहीत नव्हतं, पण 'सहा आठवडे' हा आकडा त्याने लिहून ठेवला. आज कासव पाळणारे लोक शीतनिद्रेआधी काही आठवडे खाणं बंद ठेवतात, ते याच कारणासाठी.

पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने टिमथीचं खोदकाम दिवसेंदिवस पाहिलं. एका फुलझाडाच्या झुबक्याशेजारी जागा ठरलेली होती. पुढच्या पायांनी माती ओढायची, मागच्या पायांनी पाठीवर टाकायची, आणि वेग घड्याळाच्या तासकाट्याएवढा! दुपारी ऊन तापलं की काम सोडून वर यायचं. 13 नोव्हेंबरला व्हाइट तिथून निघाला तेव्हाही बीळ अपुरंच होतं. पाऊस मात्र टिमथीला अजिबात खपायचा नाही. भरलेल्या गाडीचं चाक वरून गेलं तरी फुटणार नाही असं कवच, आणि चार थेंब पडले की हा कोपऱ्यात डोकं खुपसून उभा.

सगळ्यात सुंदर नोंद भिंतीची आहे. शरद ऋतूत सूर्य खाली उतरतो तेव्हा टिमथी फळझाडांच्या भिंतीला टेकून कवच तिरकं करायचा. सपाट पाठीवर तिरपे पडणारे किरण आता जवळजवळ सरळ पडायचे. वर दिवसभर तापलेली भिंत शेजारी. आपण शाळेत आपाती कोन शिकतो तो हाच.

म्हणजे थंड देशातल्या कासवाच्या घराचा आराखडा टिमथीने स्वतःच आखून दिला होता: उन्हाकडे तोंड असलेली भिंत, पाणी न साचणारी भुसभुशीत माती आणि पावसापासून आडोसा.

डिसेंबर 1784

आता खरी परीक्षा. 1784 च्या डिसेंबरात सेलबोर्नला प्रचंड बर्फ पडला. 9 तारखेच्या सकाळी जमिनीवर 12 ते 15 इंचांचा थर होता. संध्याकाळी हवा बोचायला लागली, तसे व्हाइटने दोन तापमापक बाहेर टांगले, एक डॉलंडचा आणि एक मार्टिनचा. रात्री अकराला पारा 4 अंश फॅरनहाइटवर आला. 10 तारखेच्या रात्री डॉलंडच्या तापमापकाने शून्याखाली 1 अंश दाखवला, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे 18 सेल्सिअस.

आणि मार्टिनचा तापमापक? त्याच्यावर शून्याच्या वर 4 अंशांपर्यंतच खुणा होत्या. पारा त्याच्याही खाली, पितळी आवरणात जाऊन बसला. हवा सर्वांत महत्त्वाची झाली नेमकं तेव्हाच उपकरण निकामी झालं, अशी चिडचिड व्हाइटने करून ठेवली आहे. हे वाचताना मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मातीच्या तापमानासाठी लावलेल्या सेन्सरची वरची मर्यादा 50 अंश होती आणि मी ती तपासलीच नव्हती. मे महिन्यात उघड्या मुरमाड जमिनीवर रोज दुपारी तीन-तीन तास माझा आलेख सपाट रेषा काढत होता. गाइडना दाखवायला नेला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "जमिनीने तापायचं थांबवलं, की तुझ्या सेन्सरने?"

व्हाइट तिथेच थांबला नाही. त्याने आपले आकडे जवळच्या, जास्त उंचीवरच्या न्यूटन गावातल्या आकड्यांशी ताडून पाहिले. उंचावर थंडी जास्त असणार, अशी सगळ्यांची खात्री. निघालं उलटंच. न्यूटनला थंडी कमी होती! शांत रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि सखल जागी साचते. कासवाचं घर कुठे बांधू नये, याचं उत्तरही यातच आहे: बागेच्या सगळ्यात खोलगट कोपऱ्यात.

आणि या सगळ्यात टिमथी? तो मातीखाली होता आणि त्यानंतरही नऊ वर्षांहून जास्त जगला. हवा उणे 18 असली तरी मातीत थोडं खाली गेलं की तापमान फार सावकाश उतरतं. वरचा बर्फ गोधडीचं काम करतो, कारण त्यात हवा अडकलेली असते. टिमथीचं घर उबदार नव्हतं, फक्त गोठणबिंदूच्या खाली जात नव्हतं. त्याला एवढंच पुरेसं होतं.

हे 'एवढंच' किती नाजूक आहे ते लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यातल्या कासवावरून कळतं. आर्चबिशप विल्यम लॉडने 1633 मध्ये आणलेलं हे कासव 1753 पर्यंत तिथल्या बागेत जगलं असं सांगतात. शेवटी एका माळ्याने त्याला हिवाळ्यात उकरून काढलं, परत नीट पुरलं नाही, आणि ते थंडीने गेलं. मालक बदलले, राजे बदलले, सव्वाशे हिवाळ्यांच्या जवळ पोचलेला जीव कुणीतरी वरची माती काढली म्हणून गेला.

नियम कुठपर्यंत चालतो?

विसाव्या शतकात ब्रिटनमध्ये ही भूमध्य कासवं दुकानांत स्वस्तात मिळायला लागली आणि मोठ्या संख्येने आयात झाली. प्रवासात खंगलेली, पुरेसं न खाल्लेली कासवं शीतनिद्रेत गेली की वसंतात उठतच नसत. 1980 साली ऑलिफंट जॅक्सन या पशुवैद्याने कवचाची लांबी आणि वजन यांची सांगड घालणारी मोजणी प्रसिद्ध केली, म्हणजे झोपवण्याआधी कासवाच्या अंगात पुरेसा साठा आहे का ते ताडता यावं. 1984 मध्ये युरोपात या जातींच्या व्यापारी आयातीवर बंदी आली. आज काही लोक आपलं कासव चक्क घरगुती फ्रिजमध्ये, 5 अंशांच्या आसपास झोपवतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण टिमथीची माती जे करायची तेच फ्रिज करतो. तापमान शून्याखाली जाऊ देत नाही आणि 10 च्या वर चढून कासवाला अर्धवट जागंही करत नाही.

आता कुणी म्हणेल, ठरलं तर मग, कासवाला थंडीत मातीत झोपू द्यावं. इथेच 'जपून' हा शब्द येतो. आज थंड देशांत अनेकांच्या घरी सुलकाटा कासव असतं. ते सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातलं. टिमथीचं वजन तीन किलोच्या आसपास होतं, सुलकाटाचा नर पन्नास किलोंच्याही वर जातो. तोही खोल बिळं खणतो, पण उन्हापासून आणि कोरडेपणापासून वाचायला. तो शीतनिद्रा घेतच नाही. थंड, ओल्या मातीत त्याला सोडलं तर तो झोपत नाही, फक्त गार पडत जातो. मग न्यूमोनिया. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, नीट खोकून छाती मोकळीही करता येत नाही.

मोठं शरीर सावकाश गार होतं हे खरं, पण एकदा गार झालं की तेवढ्याच सावकाश तापतं, आणि इंग्लंडच्या जानेवारीत तापायला ऊन आहे कुठे? म्हणून त्याला भिंती-छताला उष्णतारोधक अस्तर लावलेली, थर्मोस्टॅटवर चालणारी गरम खोली लागते. तिथेही एकच दिवा वरून सोडून भागत नाही. एवढ्या मोठ्या पाठीचा दिव्याखालचा भाग भाजतो आणि बाकीचं अंग गारच राहतं. पूर्ण अंगावर उष्णता पसरवणारं रुंद पॅनेल किंवा खोलीची हवाच तापवणारा हीटर लागतो. म्हणजे व्हाइटच्या नोंदी शंभर टक्के खऱ्या, आणि सुलकाटाला त्या जशाच्या तशा लावल्या तर जीवघेण्या.

शेवटची गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला टिमथी भल्या पहाटे उठून बागभर फिरायचा, कुंपणात फट शोधायचा. व्हाइटने ही भटकंती बारकाईने लिहिली आणि कारण दिलं, नर आहे, मादीच्या शोधात असणार. 1793 मध्ये व्हाइट वारला, पुढच्या वर्षी टिमथी. कवच जपून ठेवलं गेलं. ते आज लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. नंतर ते तपासलं तेव्हा कळलं की टिमथी मादी होती. मी वर सगळीकडे 'तो' लिहिलं, तुम्हीही ते तसंच वाचत आलात. नावाला कुणी प्रश्न विचारत नाही.

तर त्या मुलाला माझं उत्तर असं. सॅम्पल एक असलं तरी चालतं. पण वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मार. डावीकडे काय पाहिलं ते लिही, उजवीकडे त्याचा अर्थ काय लावला ते. आणि पानाच्या माथ्यावर लिही: कोणती जात, कोणती जागा, कोणतं उपकरण, त्याची मर्यादा किती. व्हाइटची डावी बाजू अडीचशे वर्षांनीही वापरता येते. उजवी बाजू एका कवचाने खोडून टाकली. दोन्ही एकाच रकान्यात असत्या तर आपल्याला कुठली ठेवायची आणि कुठली सोडायची, हे कळलंच नसतं.